घरच्या कॉम्प्युटरला अँटिव्हायरस: फुकटचा की विकतचा?

टिळक रोडवरच्या कुठल्याही दुकानात लॅपटॉप घ्यायला जा, बिल करायच्या वेळी काउंटरवरून विचारणा होतेच: "काका, अँटिव्हायरस टाकून देऊ ना?" बॅग आणि माउससोबत एक डबी पुढे सरकते. तिच्यावर छापलेली किंमत भरभक्कम असते, दुकानदार ती बरीच खाली आणतो, आणि लॅपटॉपला एवढे मोजलेच आहेत तर आणखी हजारभर रुपयांनी काय होतंय म्हणून आपण मान डोलावतो. डबीत नेमकं काय आहे आणि त्यातलं किती आधीपासूनच लॅपटॉपमध्ये आहे, हे विचारायचं राहून जातं.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना इथूनच परत जाता येईल. विंडोज ११ असेल, अस्सल असेल, अपडेट वेळच्या वेळी होत असतील आणि वापर बँकेचं काम, मुलांचा अभ्यास, फोटो, यूट्यूब एवढाच असेल, तर वेगळा अँटिव्हायरस विकत घ्यायची गरज नाही. विंडोजच्या आतच डिफेंडर नावाचा एक चांगला अँटिव्हायरस असतो. विकतच्या डबीत आपण पैसे मोजतो ते मुख्यतः इतर गोष्टींसाठी. त्या गोष्टी काही घरांना खरोखरच लागतात, त्यांच्याविषयी पुढे बोलू.

आधी हे बघू की फुकट देणाऱ्याला फुकट देणं परवडतं कसं. त्यासाठी अँटिव्हायरस काम कसं करतो ते थोडं माहीत हवं.

सगळ्यात जुनी पद्धत खुणेची. सापडलेल्या व्हायरसची खूण, म्हणजे सिग्नेचर, कंपनी आपल्या यादीत टाकते. ती यादी रोज तुमच्याकडे उतरते आणि नवी आलेली फाइल तिच्याशी ताडून पाहिली जाते. पण व्हायरस लिहिणारेही वस्ताद. फाइलमध्ये किरकोळ बदल करून ते सतत नव्या आवृत्त्या सोडतात, मग खूण जुळत नाही. म्हणून दुसरी पद्धत आली ती वागणुकीवरून पकडण्याची. स्वतःला 'पीडीएफ कन्व्हर्टर' म्हणवणारा प्रोग्राम उघडल्याबरोबर फोटोंच्या फोल्डरमध्ये शिरला, एकेक फोटो कुलूपबंद करायला लागला आणि विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती पुसायला लागला, तर त्याचं नाव यादीत असो वा नसो, त्याला तिथेच थांबवायचं. तिसरी पद्धत म्हणजे थेट कंपनीच्या सर्व्हरला विचारायचं. अनोळखी फाइल दिसली की ही जगात आणखी कुठे दिसली आहे का, कधीपासून फिरतेय, तिथे तिने काय केलं, हे इंटरनेटवरून काही क्षणांत तपासलं जातं.

या तिसऱ्या पद्धतीने सगळा हिशेबच बदलला. ज्या कंपनीचा प्रोग्राम जास्त कॉम्प्युटरवर, तिला नवा व्हायरस लवकर दिसणार. फुकट वापरणारा माणूस पैसे देत नसला तरी त्याचा कॉम्प्युटर कंपनीला माहिती पुरवत असतो, आणि त्या माहितीच्या जोरावर विकतचा माल सुधारतो. म्हणूनच बहुतेक कंपन्यांच्या फुकट आणि विकतच्या आवृत्तीत व्हायरस पकडणारं इंजिन एकच असतं. "फुकटचा कमी व्हायरस पकडतो" हे दुकानात सर्रास ऐकू येणारं वाक्य त्यामुळे बहुतेक वेळा खरं नसतं.

आता विंडोजमधला डिफेंडर. त्याची बदनामी जुनी आहे आणि त्या काळापुरती ती रास्तही होती. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये सिक्युरिटी एसेन्शियल्स हा फुकट अँटिव्हायरस आणला, २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत तोच डिफेंडर या नावाने आत बसवला, आणि सुरुवातीच्या वर्षांत स्वतंत्र चाचण्यांमध्ये तो तळाशी असायचा. आज चित्र वेगळं आहे. जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, वेग आणि वापरातली सुलभता या तिन्हींना प्रत्येकी ६ असे एकूण १८ गुण देते. डिफेंडर गेली काही वर्षं तिथे नावाजलेल्या विकतच्या अँटिव्हायरसच्या रांगेत बसतो. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्हज ही संस्थाही अशा चाचण्या घेते. दोघींचे निकाल त्यांच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतात, आणि डबीवर छापलेल्या 'नंबर वन'पेक्षा ते पाहिलेले बरे.

डिफेंडरमध्ये खोट नाही असं नाही. त्याचा भर सर्व्हरला विचारण्यावर आहे, त्यामुळे इंटरनेट बंद असलं की त्याची ताकद उतरते. मोठ्या फाइली कॉपी करताना जुन्या मशीनवर तो रेंगाळतो. आणि त्याची एक चांगली सोय मुळात बंद असते: 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस'. ती चालू केली की अनोळखी प्रोग्रामला तुमच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स फोल्डरमध्ये फेरफार करता येत नाही, म्हणजे फाइली ओलीस धरणाऱ्या रॅन्समवेअरची वाटच अडते. ती बंद का ठेवली असेल, हे चालू केल्यावर लगेच कळतं. जुनं डीटीपी सॉफ्टवेअर किंवा एखादा गेम फाइल सेव्ह करायला गेला की त्यालाही ती अडवते, मग त्याला 'अलाऊ' करावं लागतं. सुरुवातीला डोक्याला ताप होतो, पण मी तरी ती चालूच ठेवायला सांगतो.

बाहेरचे फुकट अँटिव्हायरस ही वेगळी जात. त्यातले काही उत्तम आहेत, पण 'फुकट ते पौष्टिक' या न्यायाने काहीही उतरवून घेण्याआधी एक प्रकरण माहीत असावं. अवास्ट हा जगभर वापरला जाणारा फुकट अँटिव्हायरस. त्याचे वापरकर्ते कुठल्या साइट पाहतात याची माहिती कंपनी गोळा करत होती आणि जम्पशॉट नावाच्या आपल्याच उपकंपनीमार्फत शंभराहून जास्त गिऱ्हाइकांना विकत होती. जानेवारी २०२० मध्ये हे छापून आलं, जम्पशॉटला टाळं लागलं. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. कुंपणानेच शेत खाल्लं ते असं. आज अवास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन ही चारही नावं जेन डिजिटल या एकाच कंपनीच्या छताखाली आहेत, तेव्हा 'अवास्ट नको, एव्हीजी घेतो' यात फारसा अर्थ नाही. डिफेंडरही माहिती पाठवतो, हे खरंच. पण विंडोज वापरतो तेव्हा मायक्रोसॉफ्टवर आपण तसाही विसंबलेलोच असतो, त्यात आणखी एका कंपनीची भर कशाला, एवढाच माझा मुद्दा.

फुकटचा तिसरा प्रकार म्हणजे विकतच्या अँटिव्हायरसची चोरीची 'की' (परवान्याचा नंबर) किंवा क्रॅक, म्हणजे परवान्याचं कुलूप फोडलेली आवृत्ती. त्यावर शब्द खर्च करत नाही.

भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून चालू आहे. त्यांच्या साइटवर कॉम्प्युटर साफ करणारी टूल फुकट मिळतात. ती एकदा चालवून झाडलोट करण्यासाठी असतात, कायम पहाऱ्याला बसवायचा अँटिव्हायरस म्हणून नाही. हा फरक लक्षात ठेवला तर उपयोगाची चीज आहे.

आता पुण्यातल्या घरात धोका येतो कुठून ते पाहू, कारण खरं उत्तर तिथे आहे.

पहिली वाट पेनड्राइव्हची. स्पर्धा परीक्षेचा फॉर्म, भाडेकरार, मुलांचा प्रोजेक्ट, कशाची ना कशाची प्रिंट काढायला पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात जातोच. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांच्या आसपासच्या दुकानांत एकाच कॉम्प्युटरला दिवसभर पेनड्राइव्हमागून पेनड्राइव्ह लागत असतात. घरी येऊन आपला पेनड्राइव्ह लावला की फोल्डरांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट दिसतात, कोपऱ्यात बारीक बाण असलेले. माणूस धसकून डबल क्लिक करतो, फोल्डर उघडतं, आत सगळं जागच्या जागी असतं, जीव भांड्यात पडतो. पण तेवढ्यात काम झालेलं असतं. व्हायरसने खऱ्या फोल्डरांना 'हिडन' आणि 'सिस्टीम' असं ठरवून दडवलेलं असतं. शॉर्टकट आधी पेनड्राइव्हवरची लपलेली स्क्रिप्ट चालवतो आणि मग खरं फोल्डर उघडून दाखवतो, म्हणजे संशय येऊ नये.

अशा वेळी पेनड्राइव्ह फॉरमॅट मारायची घाई करू नका, फाइली तिथेच असतात. आधी पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन करा. मग कमांड प्रॉम्प्टमधली 'ॲट्रिब' ही कमांड चालवून लपवाछपवी काढली की फोल्डर परत दिसतात. हा व्हायरस प्रकार इतका जुना आहे की डिफेंडर आणि विकतचे अँटिव्हायरस, दोघेही त्याला सहसा ओळखतात. फरक एवढाच की विकतचे बरेच अँटिव्हायरस पेनड्राइव्ह लावल्या लावल्या सगळा तपासतात, तर डिफेंडर फाइल उघडायची वेळ आली की ती तपासतो. घरातच टायपिंग आणि डीटीपीचा व्यवसाय असेल, रोज परके पेनड्राइव्ह हाताळावे लागत असतील, तर ही सोय पैसे देण्याजोगी आहे.

दुसरी वाट आपण स्वतःच उघडतो. "फॉरमॅट मारून, विंडोज टाकून, वर ऑफिसही टाकून देतो" असं सांगणारा पोरगा प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये कुणाच्या तरी ओळखीचा असतो. तो टाकतो ते विंडोज बहुधा चोरीचं असतं आणि ते 'ॲक्टिव्हेट' करणारा प्रोग्राम चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. "तो उगाच व्हायरस दाखवतो, लक्ष देऊ नका," हे वाक्यही ठरलेलं. त्या ॲक्टिव्हेटरमध्ये आणखी काय बांधून आलं आहे, हे तो पोरगाही सांगू शकणार नाही. घरगुती कॉम्प्युटरवर सगळ्यात जास्त फिरलेलं रॅन्समवेअर, स्टॉप किंवा डीजेव्हीयू (Djvu) नावाचं कुटुंब, मुख्यतः अशाच क्रॅकमधून पसरलं. चोरीचं विंडोज आणि त्यावर हजार रुपयांचा अस्सल अँटिव्हायरस, अशी जोडी पुण्यात घरोघरी सापडेल. ते हजार रुपये अस्सल विंडोजच्या खात्यात जमा केले असते तर जास्त कामी आले असते.

तिसरी वाट फोनची, आणि इथे कुठलाच अँटिव्हायरस कामाचा नाही. वीजबिल थकलंय म्हणून फोन येतो, पलीकडचा माणूस स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगतो, आजोबा भाबडेपणाने ओटीपी वाचून दाखवतात. ते ॲप कायदेशीर असतं, ते उघडतो घरचाच माणूस, ओटीपी देतोही तोच. अँटिव्हायरसला त्यात गैर काही दिसत नाही. अशी फसवणूक झाली तर क्षणाचाही विचार न करता १९३० ही हेल्पलाइन लावायची; जितक्या लवकर फोन, तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींवर रक्कम गेली तेव्हा हल्ला बँकेच्या स्वतःच्या यंत्रणेवर झाला होता. ग्राहकांच्या घरी कोणता अँटिव्हायरस होता याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. बँकेची भीती दाखवून डबी गळ्यात मारणाऱ्याला हे आवर्जून सांगावं.

तर मग विकतचा घ्यावा कुणी?

ज्या घरात आई-वडील एकटे असतात आणि मुलं बंगळुरूला किंवा परदेशात, तिथे घ्यावा. कारण तिथे पैसे इंजिनचे नसून मदतीचे असतात. काही अडलं तर फोन करता येईल असा माणूस, आणि ज्या दुकानातून अँटिव्हायरस घेतला तिथेच मशीन नेऊन 'जरा बघ रे' म्हणण्याची सोय. क्विक हील ही कंपनी पुण्यातली. कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात केली, धाकटे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात अँटिव्हायरस लिहिला, आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात उतरली. पुण्यातल्या गल्लीबोळातल्या कॉम्प्युटरवाल्यांना तिची सवय आहे, हा व्यवहारातला फायदा आहे. पण आपल्या गावची कंपनी हे अभिमानाचं कारण झालं. ज्या मशीनला गरज नाही, त्यावर टाकायचं ते कारण नव्हे.

घरूनच सीए, कर सल्लागार किंवा वकिली करणाऱ्यांनीही घ्यावा. दुसऱ्यांचे पॅन, आधार, हिशेबाच्या फाइली जिथे आहेत तिथे एक थर जास्त असलेला बरा, आणि बऱ्याच फुकट आवृत्त्यांच्या अटींमध्ये व्यवसायासाठी वापर बसतही नाही. चार-पाच मशीन, दोन-तीन फोन असं मोठं खटलं असेल आणि सगळ्यावर एकाच ठिकाणाहून नजर ठेवायची असेल तरी घ्यावा. बाकी डबीवर ठळक छापलेल्या गोष्टी, म्हणजे व्हीपीएन (इंटरनेटवरची ये-जा झाकणारी सोय), पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड सांभाळणारा प्रोग्राम), मुलांवर लक्ष ठेवणारी सोय, या स्वतंत्रपणे फुकट किंवा स्वस्तात मिळतात. मायक्रोसॉफ्टची फॅमिली सेफ्टी फुकट आहे, बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजरही. 'ट्यून-अप' आणि 'पीसी क्लीनर'साठी तर एक रुपयाही देऊ नये.

घेणारच असाल तर तीन वर्षांचा स्वस्त पडतो म्हणून तीन वर्षांचा घेऊ नका. तोवर मशीन टिकेलच असं नाही. परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन ऑफर पहिल्या वर्षी कवडीमोल भावात असतात आणि दुसऱ्या वर्षी कार्डावरून पूर्ण रक्कम वळती होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेचा मेसेज किमान २४ तास आधी यायला हवा. तो आला की वाचा, आणि नको असेल तर तेव्हाच रद्द करा. एका मशीनवर दोन अँटिव्हायरस ठेवू नका, दोघं एकमेकांच्या फाइलींवर संशय घेतात आणि कॉम्प्युटर मरगळतो. डिफेंडर समजूतदार आहे, दुसरा आला की स्वतः बाजूला होतो. म्हणूनच नव्या लॅपटॉपसोबत आलेली चाचणीपुरती आवृत्ती मुदत संपून नुसती पडून असेल तर ती काढून टाका, डिफेंडर आपोआप जागेवर येतो.

ब्राउझरच्या कोपऱ्यात 'तुमचा अँटिव्हायरस संपला, आत्ता रिन्यू करा' असं उगवलं तर त्यावर क्लिक करू नका. तुमच्याकडे तो अँटिव्हायरस कधी नव्हताच, असंही अनेकदा निघतं. कुठल्या तरी साइटला कधीतरी 'अलाऊ' म्हटलेलं असतं, ती साइट या जाहिराती पाठवते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी असते, तिथून तिला हाकलायचं. विषय संपला.

विंडोज १० वाल्यांचं काय, हा सध्याचा सगळ्यात खरा प्रश्न. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे अपडेट बंद झाले. त्यानंतर घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळण्याची वेगळी नोंदणी ठेवली आहे. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि अशी धडधाकट मशीन घरोघरी आहेत. दुकानदार म्हणेल, चांगला अँटिव्हायरस टाका, चालेल. नाही चालणार. विंडोजमधली फट बुजवायचं काम अपडेटचं आहे. १२ मे २०१७ ला जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने ज्या फटीतून प्रवेश केला, ती बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आलेला होता. ज्यांनी तो टाकला होता त्यांची मशीन त्या फटीतून सुटली. जुनं मशीन ठेवायचंच असेल तर नोंदणी करा, नाहीतर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाका, किंवा बँकेचं काम दुसऱ्या मशीनवर न्या.

आणि फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, कॉपी झाल्यावर वायर काढून कपाटात. वायर लावलेली ठेवली तर रॅन्समवेअर तिच्यावरही हात मारतं.

आपला अँटिव्हायरस जागा आहे की नुसता बसलाय, हे तपासायची एक निरुपद्रवी युक्ती आहे. आयकार नावाच्या युरोपियन संस्थेने ६८ अक्षरांची एक चाचणी फाइल ठरवून दिली आहे. ती व्हायरस नाही, पण झाडून सगळे अँटिव्हायरस तिला व्हायरस म्हणूनच पकडतात. त्यांच्या साइटवरून ती उतरवून बघा. लगेच इशारा आला तर ठीक. आला नाही तर विंडोज सिक्युरिटी उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जा, तिथल्या 'मॅनेज सेटिंग्ज'मध्ये 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' चालू आहे का पाहा, आणि खाली 'एक्सक्लुजन्स'ची यादी उघडा. या यादीतल्या फोल्डरांकडे डिफेंडर ढुंकूनही पाहत नाही. त्यात अख्खा सी ड्राइव्ह किंवा तुम्ही कधी नाव न ऐकलेलं फोल्डर दिसलं, तर ते 'फॉरमॅट मारून देतो' म्हणणाऱ्या पोराने ॲक्टिव्हेटर चालवताना घातलेलं असण्याची शक्यता मोठी. ते यादीतून काढा आणि लगेच पूर्ण स्कॅन लावा.